स्विचमधील अग्रक्रम : तत्त्व, मांडणी व मर्यादा

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील जुन्या पिढीस ट्रंक कॉलची पद्धत आठवत असेल. साधा, अर्जंट व लायटनिंग असे त्याचे प्रकार होते. तारा त्याच असत. बदले तो केवळ क्रम. कार्यालयातील संगणक जोडणाऱ्या स्विचमध्ये अग्रक्रम ठरविण्यामागील तत्त्व हेच होय.

समजा, आळंद येथील एखादे कार्यालय कलबुर्गीशी दूरदृश्य सुनावणीने जोडलेले आहे आणि त्याच वेळी शेजारच्या संगणकावरून मोठी फाइल पाठविली जात आहे. बाहेरची जोडणी सेकंदास २ मेगाबिटची असल्यास १,५०० बाइटांचे एक पॅकेट जाण्यास ६ मिलिसेकंद लागतात. अशी ५० पॅकेटे पुढे असतील, तर आवाज ३०० मिलिसेकंद खोळंबतो. संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे इष्ट मानले जाते. फाइल थोडी थांबली तर बिघडत नाही. साक्षीदाराचे वाक्य तुटले तर अर्थच बदलतो.

मांडणी पुढील क्रमाने करावी.

१. वर्गीकरण : ध्वनी, चित्र, कार्यालयीन प्रणाली व उर्वरित, एवढेच वर्ग पुरेत.

२. खूण : फ्रेममधील ३ बिटांत ० ते ७ अशी अग्रक्रमाची खूण असते. ध्वनीस ५ व चित्रास ४ देण्याचा प्रघात आहे. ६ व ७ हे जाळ्याच्या नियंत्रणासाठी राखून ठेवावेत.

३. विश्वास : दूरध्वनी व दूरदृश्य यंत्रांच्या पोर्टवरील खूणच ग्राह्य धरावी. इतर संगणकांनी स्वतः लावलेली खूण पुसून ० करावी.

४. रांग : ध्वनीची रांग सर्वप्रथम रिकामी व्हावी; मात्र तिला कमाल मर्यादा घालावी, अन्यथा उरलेल्या रांगा उपाशी राहतील. त्यांच्यात ठराविक प्रमाणात वाटणी करावी.

५. पडताळणी : मोठी फाइल मुद्दाम पाठवीत असतानाच आवाज ऐकून पाहावा.

खरी कोंडी पुष्कळदा स्विचमध्ये नसून बाहेरच्या जोडणीवरील राउटरमध्ये होते. तेथेही, तसेच दुसऱ्या टोकासही, हीच खूण मानली गेली पाहिजे.

अग्रक्रमाने जोडणीची क्षमता वाढत नाही. कोणी थांबावे एवढेच ठरते. लायटनिंग कॉलला आठपट आकार पडे, म्हणून निकडीवाचून तो कोणी मागत नसे. स्विच असा आकार घेत नाही. तो संयम मांडणी करणाऱ्यानेच पाळावयाचा असतो. कारण सर्वांस प्रथम स्थान दिले, तर ते कोणासच मिळत नाही.