नेम कोठे धरावा?

मे महिन्याच्या सुट्टीत, ऊन उतरेपर्यंत कॅरम खेळत बसला नाही असा विद्यार्थी विरळाच. असाच एक डाव डोळ्यांसमोर आणा. तुम्ही राणी घेतली आहे. ती पक्की करायला एक सोंगटी हवी, आणि ती पॉकेटपासून हातभर अंतरावर तिरकी पडली आहे. सोंगटीच्या कडेवर कोठे मार बसायला हवा ती जागा तुम्ही बरोबर हेरता, नेमका तिच्याकडेच स्ट्रायकर सोडता आणि सोंगटी पॉकेट सोडून लाकडी कडेवर आपटते. राणी परत बोर्डावर येते. भिडू म्हणतो, "हात हलला तुझा!"

बहुधा हात हलला नव्हता. नेमच चुकीच्या जागी धरला होता. कसा ते पाहू.

वही व कंपास घ्या. सोंगटी म्हणून ३.१ सें.मी. व्यासाचे वर्तुळ काढा. वरच्या कोपऱ्यात पॉकेट दाखवा. पॉकेटच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून जाणारी रेषा काढून ती मागे वाढवा. ही रेषा सोंगटीच्या मागच्या कडेला जेथे छेदते, तो स्पर्शबिंदू. दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर आदळल्या, की त्या एकमेकींना फक्त मध्यांना जोडणाऱ्या रेषेतच ढकलू शकतात. म्हणून टक्करीच्या क्षणी स्ट्रायकरचा मध्य याच वाढवलेल्या रेषेवर असला पाहिजे.

पण नेमका कोठे? स्ट्रायकरचा व्यास सुमारे ४.१ सें.मी. असतो. दोन्ही त्रिज्या मिळवल्या, की २.०५ + १.५५ म्हणजे ३.६ सें.मी. सोंगटीच्या मध्यापासून मागे ३.६ सें.मी.वर एक ठिपका द्या. नेम धरायचा तो या ठिपक्यावर, स्पर्शबिंदूवर नव्हे! स्पर्शबिंदूकडे सोडलेल्या स्ट्रायकरचा मध्य तेथे कधी पोचतच नाही. त्याआधीच त्याची कड सोंगटीला दुसऱ्याच जागी टेकते.

या चुकीची किंमत किती? स्ट्रायकरची वाट आणि सोंगटीची वाट यांमधल्या कोनाला 'कट' म्हणू. समजा, ३० अंशांचा कट हवा आहे आणि स्ट्रायकर बराच दूर आहे. ठिपक्याऐवजी स्पर्शबिंदूवर नेम धरला, तर मिळणाऱ्या कटाची साइन १.५५ ÷ ३.६ × ०.५, म्हणजे ०.२१५ येते. हा कोन जेमतेम १२ अंश. सोंगटी पुरेशी वळत नाही ती यामुळे. समोरच्या सरळ सोंगटीला मात्र हा दोष मुळीच दिसत नाही, कारण तेथे ठिपका आणि स्पर्शबिंदू एकाच वाटेवर असतात. म्हणून सरळ सोंगट्या घेणारा खेळाडू कटाला फसतो.

खेळताना कोनमापक लावता येत नाही, पण दोन खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. स्ट्रायकरचा मध्य सोंगटीच्या कडेच्या रोखाने सोडला, तर कट सुमारे २५ अंशांचा होतो. स्ट्रायकरची कड सोंगटीच्या मध्याच्या रोखाने गेली, तर सुमारे ३५ अंशांचा. बिलियर्डमध्ये सगळे चेंडू सारख्याच आकाराचे असल्याने या दोन्ही खुणा एक होतात व कोन ३० अंश येतो. (या खेळाचे गणित थोरामोठ्यांनाही क्षुल्लक वाटलेले नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस याने १८३५ साली त्यावर एक सबंध ग्रंथच लिहिला!)

आता बारीक कटाकडे वळू. समजा, स्ट्रायकरची वाट अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली. सोंगटीला ४० सें.मी. जायचे आहे. सरळ फटक्यात ती पॉकेटपाशी सुमारे ५.५ मि.मी. बाजूला जाईल. ४.४५ सें.मी. व्यासाच्या पॉकेटात ३.१ सें.मी.ची सोंगटी जाते, तेव्हा दोन्ही बाजूंना साडेसहा मि.मी.हून थोडी अधिक जागा उरते. म्हणजे ही चूक खपून जाते. पण ६० अंशांच्या कटात हीच अर्ध्या मिलिमीटरची चूक दुप्पट होऊन ११ मि.मी. बनते, कारण चूक कटाच्या कोसाइनने भागली जाते आणि ६० अंशांची कोसाइन आहे अर्धी. तेव्हा दोन सोंगट्यांत निवड असेल, तर जवळची घेण्यापेक्षा कमी कटाची घेणे पुष्कळदा शहाणपणाचे.

वर आपण चकत्या गुळगुळीत मानल्या. प्रत्यक्षात त्यांच्या कडा एकमेकींवर घासतात, आणि स्ट्रायकर सोंगटीला किंचित आपल्या वाटेकडे ओढून नेतो. कट थोडा कमी पडतो. सरावाच्या वेळी ठिपक्याच्या जागी दुसरा स्ट्रायकर ठेवून वाट नीट पाहून घ्या, मग तो उचला आणि मारा. सोंगटी दरवेळी एकाच बाजूला चुकत असेल, तर ठिपका केसभर बाहेरच्या बाजूला सरकवून बघा.