आदर्श शिक्षक आणि लाल मणी

शिक्षक दिन आला की आपल्या कॉलेजात दोन गोष्टी नक्की होतात. फायनल इयरची मुलं सर-मॅडमसारखे कपडे घालून लेक्चर घेतात आणि कोणीतरी 'आदर्श शिक्षक' या विषयावर भाषण ठोकतं. शाळेत असताना मीही ठोकलं आहे, इंग्रजीतून, पाठ करून. (कॉन्व्हेंटची मुलगी असल्यामुळे या लेखात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.) त्या भाषणात शिक्षक हा दिवा असतो, स्वतः जळून आम्हाला प्रकाश देतो. पण हा माणूस रोजचं काम नेमकं कसं करतो, ते त्या भाषणात कधीच नसतं. आणि उद्या आपल्यालाही काम करायचं आहे, तर तेच बघायला हवं ना?

हा लेख लिहायचं खरं कारण माझी रूममेट आहे. ती एटापल्लीकडची. घरी माडिया बोलतात, शाळा झाली आश्रमशाळेत मराठीतून, आणि इथे पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. तिला मेकॅनिक्सचा दोनदा बॅक लागला. एका प्रॅक्टिकलला सगळ्यांसमोर तिला ऐकवण्यात आलं, की एवढंही येत नसेल तर इंजिनिअरिंगला यायचंच कशाला. त्या रात्री तिने पलंगाखालची बॅग काढली. "मले नाही जमत ना. मी चालली घरी." तिला धीर द्यायला माझ्या तोंडात दोन-तीन छापील वाक्यं आली, पण ती मलाच खोटी वाटली. मी गप्प बसले.

त्याच सुमारास एका प्रोजेक्टसाठी मी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाविषयी वाचत होते. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ त्यांचं शोधग्राम आहे. दोघांनी नागपूरला एम.डी. केलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. पुरस्कारांची यादी मी देत नाही. पुरस्कार हारांसारखे असतात, जास्त झाले की माणूस दिसेनासा होतो.

मला त्यांच्या कामातली एक छोटी वस्तू फार आवडली, कारण ती शंभर टक्के इंजिनिअरिंगची आहे. त्या काळी या भागात कितीतरी लहान मुलं न्यूमोनियाने दगावायची. डॉक्टर लांब, त्यात पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आणि त्यापुढच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त असले, की धोका. गावात हे मोजू शकेल अशी बाई म्हणजे सुईण. पण बहुतेक सुईणी निरक्षर. पन्नास-साठपर्यंत मोजायचं कसं? आणि घड्याळ बघता येत नसेल तर मिनिट कसं ओळखायचं?

आपण असतो तर 'युजर ट्रेनिंग घेण्यास असमर्थ' असा रिपोर्ट लिहून मोकळे झालो असतो. बंगांनी सुईणींना नापास केलं नाही, साधन बदललं. त्यांनी श्वास मोजायचं एक यंत्र केलं. यंत्र म्हणजे काय, तर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओळीत ओवलेले मणी. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजून औषध सुरू. दहापर्यंत मोजता आलं की झालं! ना बॅटरी, ना डिस्प्ले. गावातच औषध देण्याच्या या प्रयोगाने न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी झाले आणि १९९० मध्ये तो 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढची पायरी नवजात बाळांची. १९९५ ते १९९८ मध्ये ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, त्याला उबदार ठेवत, आणि जंतुसंसर्ग झाला तर चक्क इंजेक्शन देत. जे काम बालरोगतज्ज्ञाचं, ते गावातली बाई करू लागली. हजार जन्मांमागे नवजात मृत्यू आधी ६२ होते, तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये हेही लॅन्सेटमध्ये आलं. २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशा कार्यकर्तींकडे आला, त्याचं एक मूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

आता यात शिक्षक कुठे आला? बंगांचे जॉन्स हॉपकिन्समधले एक प्राध्यापक होते डॉ. कार्ल टेलर. जन्म १९१६ चा, मसुरीजवळच्या लांढोरचा. त्यांनी पंजाबातल्या नारंगवालला गावपातळीवर काम केलं होतं. तिथे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी मुलांच्या न्यूमोनियावर उपचार करून दाखवले होते. शिष्याने तोच धागा आणखी खाली नेला, थेट निरक्षर सुईणीपर्यंत, आणि शेजारची दुसरी गावं तुलनेला घेऊन आकड्यांनी सिद्ध केला. म्हणजे टेलर सरांकडून त्यांनी कामाची रीत उचलली. मला वाटतं, प्रोफेशनल रोल मॉडेल म्हणतात ते हे. फोटो भिंतीवर नसला तरी चालतो. २००६ पासून बंग दांपत्य 'निर्माण' या उपक्रमातून आपल्याच वयाच्या मुलामुलींची शिबिरं घेऊ लागलं, त्यात इंजिनिअरिंगवालेही असतात.

हे वाचून मी रूममेटकडे गेले. (आपल्या सर लोकांवर सगळा दोष टाकायचा नाही. वर्गभर मुलं आणि सिलॅबसची घाई, त्यांनी तरी काय करावं. पण 'कशाला आलीस' हे वाक्य सिलॅबसमध्ये नाही.) मी तिला कलत्या पातळीवरचा ब्लॉक शिकवायला घेतला आणि ब्लॉकच्या जागी नाल्याच्या चढावरची धानाची बंडी काढली. माझ्या मते आयडिया झकास होती. ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण बंडीले चाक असते. ते घासत कुठं जाते?"

बरोबर होतं तिचं. मलाच सुचलं नव्हतं.

मग तिनेच बदल केला. बैल जंगलातून लाकूड ओढत आणतात, तो ओंडका तिने काढला. दोराची ओढ, ओंडक्याचं वजन, जमिनीचा रेटा, घासण. चार बाण. थोडा वेळ थांबून तिने विचारलं, "मंग उतारावर लाकूड खाली चाललं, तं घासणीचा बाण वरतं?" दोन सेमिस्टर जे अडलं होतं ते हेच होतं. आम्ही रात्री दीडपर्यंत ओंडकेच ओढत होतो. मेसचा चहा बंद झालेला, म्हणून बिस्किटं नुसतीच खाल्ली.

पेपर झाला आहे. फ्रिक्शनचा प्रश्न आला होता, तिने पूर्ण सोडवला म्हणते. रिझल्ट अजून लागायचा आहे. बॅग सध्या पलंगाखाली आहे, आणि आता ती मला माडिया शिकवते आहे. त्यात मीही अजून दहाच्या पुढे गेलेली नाही.