हॅलोनेस्टच्या वाटेवर दुसऱ्यांदा

साळगावचे चर्च तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भातशेतीच्या कडेला उभी असलेली ती शुभ्र वास्तू १८७३ सालची आहे. जुन्या गोव्यातील चर्चची भव्यता निराळी आणि हिची निराळी. येथे सारे काही कोणी वर ओढून धरल्यासारखे दिसते. कमानी टोकदार, मनोरे निमुळते, कडेकडेने सुळके. या घडणीला गॉथिक म्हणतात. युरोपात मध्ययुगात ती जन्मास आली. पुढे त्या काळचे किल्ले नि मठ ओस पडले आणि त्यांच्या पडक्या भिंतींतून एक नवा साहित्यप्रकार उगवला. हॉरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ असे नाव दिले. ओसाड वास्तू, लयास गेलेले राजकुल, बंद दारामागचे गूढ, आणि भीती वाटत असूनही पाऊल पुढेच टाकावेसे वाटणे, ही या प्रकाराची लक्षणे होत.

ज्या कृतीविषयी मी आज लिहिणार आहे ती याच कुळातील आहे. मात्र ते पुस्तक नव्हे. तो ‘हॉलो नाइट’ नावाचा व्हिडिओ गेम आहे. ‘हॉलो नाइट’ म्हणजे पोकळ योद्धा. वार्षिकांकात बाईंनी असला विषय घ्यावा, याचे काही पालकांना नवल वाटेल. त्यांनी कृपा करून लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग रागवावे.

ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड शहरी टीम चेरी नावाची एक लहानशी मंडळी आहे. एरी गिब्सन आणि विल्यम पेलेन हे तिचे प्रमुख. २०१४ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली. सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. त्या तुटपुंज्या भांडवलावर काम चालले आणि २४ फेब्रुवारी २०१७ रोजी खेळ प्रसिद्ध झाला. चित्रे हातांनी रेखाटलेली. संगीत ख्रिस्तोफर लार्किन यांचे. पुढचा भाग, ‘सिल्कसाँग’, २०२५ च्या सप्टेंबरात आला. तो मी अद्याप खेळलेली नाही.

यातील सृष्टी कीटकांची आहे. डर्टमाउथ नावाच्या उजाड गावात एक विहीर आहे आणि तिच्या तळाशी हॅलोनेस्टचे बुडालेले राज्य. आपला नायक मुका, शिंगे असलेल्या शुभ्र मुखवट्याचा, आणि इतका लहान की त्याची तलवार म्हणजे एक खिळा. विहिरीखाली उतरताच उंच खिडक्या, लोखंडी दिवे, थडगी, नक्षीदार बाके दिसू लागतात. मुंग्या नि भुंगे यांच्या मापाने बेतलेले ते गॉथिक नगर प्रथम पाहिले तेव्हा मला हसू आले होते. ते फार वेळ टिकले नाही.

या खेळाची कठीणता कशात आहे, हे नीट पाहिले पाहिजे. शत्रू पुष्कळ आहेत. परंतु शत्रू कोणत्या खेळात नसतात? येथे प्रथम अडते ते नकाशावाचून. नव्या प्रदेशात शिरावे तर हाती कोरा अंधार असतो. वाटेत कागदाचे तुकडे पडलेले दिसले आणि कोणी गुणगुणत असल्याचा आवाज आला, तर समजावे की कॉर्निफर नावाचा नकाशाकार जवळपास आहे. तो नकाशा विकतो, पण अर्धवट. उरलेला आपण भरावयाचा, आणि त्यासाठी त्याची पत्नी आयसेल्डा हिच्या दुकानातून १२० जिओ मोजून लेखणी घ्यावयाची. जिओ हे तेथील नाणे. लेखणी असूनही चालता चालता रेघ उमटत नाही. बाकावर जाऊन बसल्यावरच पाहिलेली जागा नकाशावर येते. आपण स्वतः कोठे उभे आहोत हे दिसावे म्हणून होकायंत्र मिळते, त्याचे २२० जिओ. ते अंगावर बाळगले की ताईत लावण्याच्या मोजक्या जागांपैकी एक अडते. आपला ठावठिकाणा जाणण्याचीही किंमत द्यावी लागते, असा प्रकार मी दुसऱ्या कोणत्या खेळात पाहिला नाही.

दुसरी गोष्ट याहून कठोर. नायक पडला की मागल्या बाकावर जागा होतो. मात्र जवळचे सारे जिओ तो जेथे पडला तेथेच राहतात. त्या जागी, किंवा तिच्या अगदी निकट, त्याची काळी छाया तरंगत असते. जखमा भरण्यासाठी लागणारी जी शक्ती साठविता येते, तिचे पात्रही फुटते. छाया परत मिळेपर्यंत त्यात दोन तृतीयांशच मावते. म्हणून दुबळे होऊन, त्याच वाटेने, त्याच जागी परत जावे लागते आणि आपल्याच छायेशी लढावे लागते. आपण जी मंत्रविद्या शिकलो असू, तीच ती आपल्यावर चालविते. तेथे पोहोचण्यापूर्वी पुन्हा पडलात, तर जुनी छाया गेली आणि तिच्याजवळचे धनही गेले.

२०१९ साली मी याच ठिकाणी हात टेकले. खेळ माझ्या धाकट्या भावाने आणला होता. पुढे तो बोटीवर नोकरीस लागला आणि संगणक घरी राहिला. मँटिस लॉर्ड्स म्हणजे खंडोबाच्या किड्यांच्या जातीतील तीन भगिनी. तीन उंच सिंहासनांवर त्या बसलेल्या असतात. प्रथम एक उतरते. ती हरली की उरलेल्या दोघी एकदम उतरतात. सतरा वेळा मी पडले. मग संगणक बंद केला आणि भावाला फोनवर सांगितले की हा खेळ अन्यायाचा आहे. तो म्हणाला, “बाय, तूं धांवता कित्याक? उबी राव आनी पळय.” मला राग आला. दिवसभर वर्गात मी मुलांना हेच तर सांगत असते!

गेल्या पावसाळ्यात कपाट आवरताना त्याची एक शाळकरी वही सापडली. तिच्यात हॅलोनेस्टचे नकाशे होते, पेन्सिलीने काढलेले, आणि ठिकठिकाणी फुली मारून लिहिलेले: “हांगा मेलों.” एका पानावर अशा अकरा फुल्या मोजल्या. ज्याला मी या खेळातला वाकबगार समजत होते, तो इतक्यांदा पडला होता आणि दर वेळी जागा लिहून ठेवीत होता. वही उशाशी घेऊन मी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

दुसऱ्या खेपेस तीच जागा वेगळी दिसते. सिटी ऑफ टीअर्स, म्हणजे अश्रूंचे नगर, येथे अखंड पाऊस पडतो. पहिल्या खेपेस तो मला निव्वळ शोभेचा वाटला होता. जमिनीखाली पाऊस कोठून येणार, हा प्रश्न मनात आलाच नाही. वहीत वर एक तळे काढले होते, तेथून खाली बाण होता, आणि शेजारी: “हें उदक थंय पडटा.” निळ्या तळ्याच्या काठी जाऊन मी खात्री केली. नगर त्याच्या खालीच आहे. पाऊस नव्हे, ती गळती आहे. मातृभाषेतील चार शब्दांनी जे कळले ते माझ्या पदवीने मला दाखविले नव्हते.

फॉल्स नाइटचेही तसेच. तो आरंभीचाच एक अवाढव्य शत्रू. चिलखत घातलेला, गदा फिरविणारा. पाडला की शिरस्त्राण उघडते आणि आत एक फिकट, मऊ अळी दिसते. चिलखत चोरीचे असते. पहिल्यांदा मी टाळ्या वाजविल्या होत्या. पुढे ड्रीम नेल नावाचे स्वप्नखड्ग मिळते, त्याने दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते. ते घेऊन मी त्या कलेवराकडे परत गेले, तेव्हा कळले की ती अळी आपल्या दुबळ्या भावंडांच्या रक्षणासाठी बलवान व्हावयास निघाली होती. बराच खेळ झाल्यावर तर तो सारा प्रदेशच पालटतो. पूर्वी निरुपद्रवी फिरणारे जीव रोगाने पछाडलेले आढळतात, भिंतींवर नारिंगी गळवे येतात, ओळखीच्या वाटा बुजतात.

खेळ निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. शत्रूपर्यंत पुनःपुन्हा चालत जाण्यात व्यर्थ वेळ जातो. वाट दाखविण्याच्या बाबतीत तर तो इतका अबोल आहे की कधी कधी अबोलपणा आणि आळस यांतील भेद कळत नाही. शिवाय तो तीस-चाळीस तास घेतो. दहावीच्या मुलांनी परीक्षा संपेपर्यंत त्याच्या वाटेस जाऊ नये, ही माझी आज्ञा समजावी.

मँटिस लॉर्ड्सना मी शेवटी गाठले. या खेपेस उभी राहिले आणि पाहिले. त्यांचे डाव तीनच आहेत: जमिनीलगत भाला घेऊन झेप, वरून थेट उडी, आणि भिंतीला चिकटून फेकलेले फिरते पाते. प्रत्येक डावापूर्वी क्षणभर त्यांचे अंग विशिष्ट रीतीने वळते. ते वळण ओळखले की बाजूला होण्यास वेळ मिळतो. दोघी उतरल्यावर तो वेळ निम्मा होतो, एवढेच. नवव्या खेपेस मी जिंकले. तिघी सिंहासनांवर परत बसल्या आणि त्यांनी मान लवविली. बाहेर आले तर वस्तीतील जे किडे आजवर दिसताच अंगावर येत होते, तेही वाट सोडून नतमस्तक उभे. वहीचे ते पान उघडून भावाच्या फुल्यांशेजारी मी तारीख घातली आणि छायाचित्र त्याला पाठविले. बोट बंदराला लागल्यावर, चार दिवसांनी, उत्तर आले: डीपनेस्टला गेलीस का?

डीपनेस्ट म्हणजे त्या भगिनी ज्याचे दार राखतात तो प्रदेश. वहीत त्याचे पान जवळजवळ काळेच आहे. तेथे दिवा लागतो. त्याची किंमत १८०० जिओ. काल रात्रीपर्यंत माझ्याजवळ तेराशे जमले होते. ते सध्या माझ्या छायेजवळ आहेत.