देव्हाऱ्यातील टाक आणि भिंतीवरील पितळी देवप्रतिमा

शहरी घरांच्या दिवाणखान्यात अलीकडे लाकडी चौकटीत बसविलेल्या पितळी देवप्रतिमा दिसू लागल्या आहेत. गणपती, लक्ष्मी, बालाजी यांच्या उठावाच्या मूर्ती असलेले हे फलक भेट म्हणून दिले जातात आणि खेड्यापाड्यांतील नव्या घरांतही ते पोचले आहेत. ही हौस नवी वाटत असली, तरी धातूच्या पत्र्यावर देवाचे रूप उमटविण्याची कला महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. आपल्या देव्हाऱ्यातील 'टाक' हे तिचेच घरगुती व प्राचीन रूप होय.

टाक म्हणजे काय?

टाक म्हणजे चांदी, पितळ अथवा तांबे यांच्या पातळ पत्र्यावर उठविलेली देवप्रतिमा. तिचा आकार बहुधा तळहाताहून लहान असतो. घोड्यावर बसलेला खंडोबा व सोबत म्हाळसा, महिषासुराचा वध करणारी देवी, भैरोबा, जोतिबा ही दैवते टाकांवर विशेषेकरून आढळतात. घराण्यातील पूर्वजाच्या स्मरणार्थ 'वीरा'चा टाकही केला जातो. धुलिवंदनाच्या दिवशी नाशिक येथे असे वीर वाजतगाजत गोदावरीकाठी नेण्याची प्रथा आहे. नवरात्रात देव घटी बसतात, तेव्हा हेच टाक विड्याच्या पानांवर मांडले जातात. कुलदैवत कोणते, कुळाचार कोणता, घराणे मूळचे कोणत्या गावचे, या प्रश्नांची उत्तरे अनेक कुटुंबांत कागदावर नसून टाकांच्या ओळीत असतात.

घडण कशी होते?

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू होय. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश लागतात. म्हणून तांब्याच्या रसात जस्त मिसळताना त्याची वाफ होऊन जाऊ न देणे, हे पितळ तयार करणाऱ्याचे खरे कौशल्य ठरते. पत्र्याचे काम करणारा कारागीर पत्रा तापवून मऊ करतो, तो ठशावर किंवा राळेच्या थरावर ठेवतो आणि लहान छिन्न्या व हातोडी यांनी आकृती उठवितो. पुढून नाकडोळे रेखून काम पुरे केले जाते. अशा कामाच्या मागील बाजूस आकृतीचा खोलगट ठसा स्पष्ट दिसतो. ओतीव मूर्तीची रीत निराळी असून ती साच्यात रस ओतून घडते. बाजारातील पुष्कळसे फलक यंत्राच्या दाबाने एकसारखे काढलेले असतात.

खरेदी व मांडणी

फलक घेताना प्रथम त्याला लोहचुंबक लावून पाहावा. पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटल्यास आत लोखंड असून वर केवळ मुलामा आहे, असे समजावे. काळपट रंग हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण रसायनांनी तो थोड्या वेळात आणता येतो.

वजनाचाही विचार अवश्य करावा. पितळाच्या एका घनसेंटिमीटरचे वजन सुमारे साडेआठ ग्रॅम असते. या हिशेबाने ४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व २ मिलिमीटर जाड पत्रा सुमारे दोन किलो भरतो. त्यात चौकट व काच यांची भर पडते. सबब एका खिळ्यावर विसंबून न राहता भिंतीत पक्के बसविलेले दोन स्क्रू वापरावेत. ओलसर भिंत व चुलीच्या धुराची जागा टाळावी. प्रतिमा सरसाने फळीला चिकटवू नये. ती काढता येईल अशी बसवावी आणि काच तिला टेकू देऊ नये.

जुन्या टाकांचा प्रश्न

नवा फलक भिंतीवर लावण्यात गैर काहीच नाही. चिंतेची बाब निराळीच आहे. घर बदलताना किंवा वाटण्या होताना झिजलेले जुने टाक मोडीत वजनावर दिले जातात. टाक झिजला की तो उजळून घ्यावा किंवा नवा करावा, ही परंपराच आहे व तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु जुना टाक आटवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतले गेले नाही, तर एका घराण्याच्या इतिहासाचे पान कायमचे नाहीसे होते. मोडीत मिळणारे पैसे थोडे आणि हानी मात्र भरून न येणारी, असा हा व्यवहार आहे.

जुन्या वस्तू चिंच, लिंबू व राख यांनी वारंवार घासू नयेत. आम्लाने डाग जातो, पण धातूही झिजतो आणि नाकडोळे पुसट होतात. मऊ, कोरडे फडके नित्याच्या स्वच्छतेस पुरेसे आहे.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अमलात आहे. सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. धातुशिल्पांसारख्या ठराविक वर्गांतील पुरावस्तूंची नोंदणी आवश्यक असून, खाजगी व्यक्तीस पुरावस्तू परदेशी पाठविता येत नाही. जमिनीत सापडलेल्या धनासाठी १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी धातूची शिल्पे सापडली. त्यांचे एकत्र वजन साठ किलोंहून अधिक होते. ती मोडीत गेली असती, तर ताम्रपाषाणयुगीन महाराष्ट्राचा एक अमोल पुरावा आटून गेला असता.

गावाने काय करावे?

शिक्षकांना हा विषय इतिहासाच्या तासाला सहज जोडता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीने टाकावरील देवतेचे नाव, वाहन, आयुधे व घराण्याचे मूळ गाव यांची नोंद करावी. चोरीचा धोका ध्यानात घेता कोणाच्या घरी काय आहे, याची यादी मात्र जाहीर करू नये. ग्रामपंचायतीने जमिनीत सापडलेल्या वस्तूंविषयीचा नियम ग्रामसभेत समजावून सांगावा. ज्यांना आपल्या वस्तू सांभाळणे शक्य नाही, त्यांनी मोडीऐवजी संग्रहालयाचा विचार करावा. दिनकर केळकर यांनी घरोघरच्या दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत जमविलेला संग्रह १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. सामान्य घरातील वस्तूही राष्ट्रीय ठेवा ठरू शकते, हे पुण्यातील ते संग्रहालय पाहणाऱ्यास पटते.

भिंतीवरचा नवा देव घराची शोभा वाढवितो. देव्हाऱ्यातला जुना टाक त्या घराची ओळख सांगतो. शोभेसाठी खर्च करणाऱ्या हातांनी ही ओळखही जपावी, एवढीच अपेक्षा आहे.