मोहाची फुले व त्यांचा पाक : आंबण्याची क्रिया आणि तिचा बंदोबस्त

रावेर तालुक्याचा दक्षिणेकडील भाग तापीकाठच्या काळ्या जमिनीचा व केळीच्या बागांचा आहे; उत्तरेकडील भाग सातपुड्याचा. पाल व त्याच्या आसपासच्या पाड्यांवर राहणाऱ्या तडवी, पावरा व बंजारा कुटुंबांना फाल्गुन-चैत्रात, म्हणजे शेतात फारसे काम नसते अशा दिवसांत, मोहाच्या फुलांपासून चार पैसे मिळतात. परंतु पहाटे वेचलेले फूल हे दूध किंवा उसाचा रस यांच्यासारखेच नाशवंत असते, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. परिणामी चांगली फुले काळी पडून व्यापाऱ्याच्या काट्यावर निम्म्या भावाने जातात. फुलांचा पाक करून विकण्याचा प्रयत्न अलीकडे काही बचत गट करू लागले आहेत. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. म्हणून आंबणे म्हणजे काय, ते कसे टाळावे आणि सुरू झालेच तर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

युरोपात खेडोपाडी फुलांचे मद्य घरी करण्याची जुनी चाल आहे. त्या फुलांत साखर नाममात्र असते. सुवासापुरते फूल घ्यावयाचे व साखर बाहेरून घालावयाची, अशी ती रीत होय. आपल्या मोहाचे तसे नाही. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. ताज्या फुलात साखर व पाणी दोन्ही विपुल असतात, आणि फुलाच्या सालीवर, जमिनीच्या धुळीत, टोपलीच्या कामट्यांत किण्व नावाचे सूक्ष्म जीव असतातच. म्हणजे साखर, पाणी, किण्व आणि खानदेशातील उन्हाळा, असा आंबण्याचा सारा सरंजाम तेथे आयताच जमलेला असतो. कोणी काही न करता फूल आंबते ते यामुळे.

ही क्रिया सजीव किण्वाकडून होते, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी सिद्ध केले. किण्व साखर खातो आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू असे दोन जवळजवळ सारख्या वजनाचे भाग करतो. त्याबरोबर उष्णताही बाहेर पडते. ढिगात हात घातला असता फुले गरम लागतात व आपले शेतकरी ‘फुले उबली’ असे म्हणतात, ती हीच उष्णता. ढीग जितका मोठा तितकी ती आत कोंडते, आणि ऊब मिळाल्याने किण्व अधिकच जोमाने वाढतो. कर्बवायूचे प्रमाण किती असते याची कल्पना बहुतेकांना नसते. एक किलो साखर पूर्ण आंबली तर सुमारे २५० लिटर वायू निघतो. अवघी १० ग्रॅम साखर, म्हणजे दोन चहाचे चमचे, आंबली तरी अडीच लिटर वायू होतो. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे बाटल्यांच्या संदर्भात तो उपयोगी पडेल.

प्रथम वेचणीविषयी. फूल पहाटेपासून गळू लागते. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याची पद्धत आहे ती सर्वस्वी सोडून द्यावी. तिच्यामुळे वणवे लागतात, मोहाची रोपे जळतात आणि फुलांना राख व माती लागते. जागा झाडून घ्यावी, किंवा झाडाखाली जुने लुगडे अथवा जाळी कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधावी. मातीचा स्पर्श टळला की आंबण्याची निम्मी बीजे टळतात. वेचलेली फुले गोणीत दाबून भरू नयेत आणि संध्याकाळपर्यंत टोपलीतही ठेवू नयेत. उन्हे चढण्यापूर्वीच ती तट्ट्यावर किंवा बांबूच्या चटईवर एका थरात पसरावीत. तट्ट्या जमिनीपासून हातभर उंच असल्यास खालूनही वारा लागतो. दुपारी एकदा फुले हलवावीत. रात्री ती झाकून ठेवावीत, पण ढीग करून झाकू नयेत. दिवसभर वाळवून रात्री ढीग घातला तर एका रात्रीत केलेले काम वाया जाते.

चांगल्या उन्हात तीन-चार दिवसांत फूल वाळते. ओल्या फुलाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतके वजन उरते. फूल मुठीत दाबून सोडले असता गोळा होता कामा नये, बोटांना चिकटता कामा नये, आणि चोळल्यावर आतील पुंकेसर सुटून यावेत. रंग तांबूस-पिवळा असावा. काळपट रंग व आंबूस वास हे उबल्याचे चिन्ह समजावे. अवकाळी पावसाचे ढग दिसताच फुले छपराखाली पातळ पसरावीत. वाळलेले फूल हवेतील ओल फार लवकर ओढून घेते. म्हणून मृगापूर्वीच ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत, व ती पिशवी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, अशी साठवण करावी. तागाच्या गोणीत ठेवलेली फुले पावसाळ्यात हमखास मऊ पडतात.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जमिनीतील पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरून मेल्याच्या गोष्टी आपल्याकडील वृद्धांनी ऐकलेल्या असतात. तो प्रकारही याच जातीचा. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहतो. बंद कोठीत, तळघरात किंवा खोल टाकीत ओली फुले आंबत पडली असतील तर तेथे एकट्याने जाऊ नये. दिवा विझला तर धोका निश्चित आहे. परंतु दिवा जळतो म्हणून जागा निर्धोक असेच मानता येत नाही. दारे उघडून, वारा खेळू देऊन, बराच वेळ गेल्यावरच आत जावे, आणि बाहेर दुसरा माणूस उभा ठेवावा. आत कोणी पडलेला दिसला तर त्याला काढण्यासाठी तसेच धावत आत जाऊ नये. अशा प्रसंगी एकामागून एक दोघे-तिघे दगावतात.

आता पाकाविषयी. त्यात माझ्या हातून घडलेली चूक प्रथम सांगतो, कारण तीच चूक पुष्कळ ठिकाणी होत असावी. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरील महिलांना मी पाक करण्याची रीत दाखविली. फुले रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळावीत असे सांगितले. पाक मधासारखा दिसू लागताच मी तो उतरावयास लावला, कोमट झाल्यावर काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरविला आणि झाकणे गच्च आवळून बाटल्या पत्र्याच्या खोलीत ठेवविल्या. वैशाख होता. बारा दिवसांनी निरोप आला की तीन बाटल्या फुटल्या व एका मुलीच्या हाताला काच लागली. मी गेलो तेव्हा त्या घरातील वृद्ध आजी एवढेच म्हणाल्या, “साहेब, मोहाला कोंडून ठेवायचं नसतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?” मला कोणी सांगितले नव्हते, पुस्तकात ते होते, पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

चुका चार झाल्या होत्या. चैत्र-वैशाखात फुले रात्रभर भिजत घालणे म्हणजे किण्वाला बारा तास मोकळे रान देणे होय. फुले धुऊन, सरळ गरम पाण्यात अर्धा तास ठेवून लगेच उकळावीत. दुसरी चूक पाक पातळ राहिल्याची. गरम पाक मधासारखा दिसला तरी तो पुरेसा दाट असतोच असे नाही. पाकात शेकडा ६५ ते ७० भाग साखर असेल तर किण्वाला वापरता येईल असे पाणी त्यात फारसे उरत नाही व त्याची वाढ खुंटते. शेकडा ५० वर मात्र ती सहज होते. तिसरी चूक कोमट पाक भरण्याची. कोमट पाकाने बाटलीतील किण्व मरत नाही. शिवाय झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरून ते पाकाच्या पृष्ठभागावर पडतात. खालचा पाक दाट असला तरी वरचा बोटभर थर पातळ होतो, आणि आंबणे तेथूनच सुरू होते. चौथी चूक पत्र्याखालच्या खोलीची. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच तपमान ४५ अंशांच्या घरात जाते. तेथे सावलीची व गार जागाच हवी होती. लिटरभर पाकात ८००-९०० ग्रॅम साखर असते. त्यातील १० ग्रॅम आंबली तरी अडीच लिटर वायू बोटभर रिकाम्या जागेत दाटतो. मग काच टिकावी कशी?

योग्य रीत अशी. पुंकेसर काढून स्वच्छ केलेली एक किलो वाळलेली फुले घ्यावीत. धुऊन तीन लिटर गरम पाण्यात अर्धा तास ठेवावीत, मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळून फडक्यातून गाळावीत. चोथ्यावर पुन्हा लिटरभर गरम पाणी घालून तेही गाळून घ्यावे. हा रस रुंद तोंडाच्या पातेल्यात आटवावा. पातेले निम्म्याहून अधिक भरू नये, कारण फेस एकाएकी वर येतो. गुऱ्हाळात मळी काढतात तशी झाऱ्याने वरची मळी काढीत जावी. गार बशीत थेंब टाकून दोन बोटांत धरला असता एक तार निघाली म्हणजे पाक झाला. ब्रिक्स मोजण्याचे उपकरण असेल तर थंड केलेल्या थेंबाचा अंक ७० च्या आसपास यावा. गटाने असे एक उपकरण सामायिक घेतल्यास अंदाजावर राहावे लागत नाही. फुलाच्या प्रतीप्रमाणे अर्धा ते पाऊण किलो पाक मिळतो. उकळत्या पाण्यात ठेवून काढलेल्या, पूर्ण कोरड्या व अजून गरम असलेल्या बाटल्यांत तो कढत असतानाच भरावा. झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटे उलटी धरावी, म्हणजे झाकणाची आतील बाजूही कढत पाकाने शेकली जाते. वापरताना ओला चमचा घालू नये.

इतके करूनही एखादी बाटली बिघडते. वर बारीक बुडबुड्यांची कडी दिसणे, झाकण फुगणे, प्लास्टिकची बाटली टणक लागणे, ही लक्षणे होत. अशी बाटली हलवू नये व तिच्यावर तोंड नेऊन पाहू नये. तिच्यावर ओले गोणपाट टाकून सावलीत ती थंड होऊ द्यावी, कारण थंडीने दाब उतरतो. मग गोणपाटासकट धरून, तोंड माणसांपासून दूर करून, झाकण किंचित सैल करावे. ‘फुस’ आवाज थांबला की आणखी सैल करावे. एकदम उघडू नये. पाकाला नुसताच फेस असेल, वास गोड असेल व बुरशी नसेल, तर तो मोठ्या पातेल्यात मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटे उकळावा, मळी काढावी, तार पाहावी आणि पूर्वीप्रमाणे नव्या बाटल्यांत भरावा. असा पाक आधी घरी वापरावा, विकू नये. वास उग्र किंवा आंबट झाला असेल अथवा बुरशी धरली असेल तर लोभ न धरता तो टाकून द्यावा. फुटण्याच्या भीतीने झाकणे अधिक घट्ट करण्याची किंवा मेण लावून बंद करण्याची प्रवृत्ती दिसते. तिने संकट वाढते.

उबलेली फुले पाण्यात टाकून त्यांचे मद्य करावे, असा मोह काहींना होईल. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते घरच्या वापरासाठी असो वा सणासाठी. मोहाच्या फुलांचा संग्रह व वाहतूक यांवरील जुने निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये उठविले, ते फुलांपुरते. गाळलेल्या दारूला ती सवलत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातील नियम निराळे आहेत. बुऱ्हाणपूरकडे सोयरिकी असलेल्या कुटुंबांना कार्यकर्त्यांनी हे आवर्जून समजावून द्यावे, कारण तिकडील सवलत सीमा ओलांडून इकडे येत नाही. फुलांचा सिरका करण्याची कल्पनाही काही गटांनी माझ्याकडे मांडली आहे. सिरका चांगला होतो. परंतु साखरेपासून सिरका होताना मध्ये मद्याची पायरी लागतेच, म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी विचारणा केल्यावाचून त्यात पडू नये. फुले वेचण्याचा व विकण्याचा अधिकार मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला आहे, आणि वेचणाऱ्यांना त्याची माहिती असणे अवश्य आहे.

टाकून द्यावयाची फुले व पाक यांविषयी थोडे. ती गोठ्यात किंवा उकिरड्यावर उघडी टाकू नयेत. गुरे त्यांवर तुटून पडतात. आंबलेल्या फुलांनी त्यांना झिंग येते, व साखर एकदम पोटात गेल्याने पोट फुगून, आंबट होऊन जनावर दगावू शकते. असे जनावर दिसल्यास घरगुती उपायात वेळ न घालविता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आंबलेला माल कंपोस्टच्या खड्ड्यात पाचोळा व शेण यांच्या आळीपाळीने पातळ थर द्यावा, प्रत्येक थरावर माती टाकावी, आणि पहिले पंधरा दिवस खड्ड्याभोवती काटेरी कुंपण ठेवावे.