घरगुती बचतीचे तीन आधार : हात, हत्यार आणि हिशेब

बचतीचा विषय निघाला की सामान्यतः बँक, डाकघर, मुदत आणि व्याजाचा दर यांचा विचार प्रथम केला जातो. परंतु रुपया खात्यात जमा होण्यापूर्वी तो घरात वाचावा लागतो. तो वाचतो शिवणाच्या डब्यात, न्हाणीघरातील नळापाशी आणि अवजारांच्या पेटीत. फाटलेली बाही वेळीच सांधली गेली, गळका नळ दुरुस्त झाला, वाढत्या मुलाचा स्वेटर उसवून पुन्हा विणला गेला, की त्या महिन्यात होऊ घातलेला एक खर्च टळतो. टळलेल्या खर्चाची पावती कोणी देत नाही. त्यामुळे त्याची नोंद होत नाही आणि तो टाळणाऱ्या व्यक्तीच्या श्रमांचीही होत नाही.

या बचतीला तीन आधार लागतात : हाताचे कौशल्य, त्यास साजेसे हत्यार आणि वाचलेल्या पैशाचा हिशेब. हात कुशल असून कात्री बोथट असेल तर काम रखडते. हत्यार असून ते वापरता येत नसेल तर ते गंजते. दोन्ही असून हिशेब नसेल तर वाचलेला रुपया कोठे गेला, हे घरातील कोणालाही सांगता येत नाही.

जीर्ण वस्त्राची विद्या

महाराष्ट्रातील घरांना हा विचार नवा नाही. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ किंवा गोधडी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. वापरून मऊ झालेले सुती कापड नेसण्यास निरुपयोगी ठरते, पण थरांवर थर दिले की तेच उबेला उपयोगी पडते. थर सरकू नयेत म्हणून टाके जवळजवळ घालावे लागतात, आणि विरलेला भाग आतल्या थरात जाईल अशी मांडणी करावी लागते. कोणत्या कापडात अजून किती जीव आहे, हे ओळखणे ही या कामातील खरी विद्या आहे.

या विद्येस संस्थात्मक शिक्षणाची जोड देण्याचे प्रयत्नही राज्यात लवकर झाले. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, स्त्रियांच्या शिक्षणाबरोबरच शिवणकामासारख्या हस्तव्यवसायांचे वर्ग चालविले. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा, असा विचार मांडला. हाताने काम करताना मूल मोजते, तुलना करते आणि चूक सुधारते, हे या विचाराचे मर्म होते.

विणकामाचे गणित

दोन सुयांवरील लोकरीचे विणकाम हे त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे काम आहे. मागावरील कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांत गुंततात. सुयांवरील विणकामात मात्र एकच धागा फासाफासाने पुढे जातो. सुलट आणि उलट या दोनच टाक्यांवर बहुतेक नमुने उभे राहतात. धागा अखंड असल्याने विणलेले वस्त्र ताणले जाते, अंगाबरोबर सैल होते आणि हवे तेव्हा उसवता येते. हा शेवटचा गुण बचतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. कापलेले कापड पुन्हा पूर्ववत होत नाही, परंतु उसवलेली लोकर पुन्हा लोकरच राहते.

उसवलेल्या धाग्यात नागमोडी वळणे राहतात. असा धागा तसाच विणला तर टाके असमान येतात. म्हणून त्याची सैल लड करून दोन-चार ठिकाणी दोऱ्याने बांधावी, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये, आणि खाली हलके वजन अडकवून सावलीत वाळू द्यावी. धागा सरळ झाल्यावर त्याचा सैलसर गुंडा करावा. कोपराजवळ किंवा मनगटाजवळ विरलेला भाग वेगळा काढून तो नव्या वस्त्रात वापरू नये.

काम सुरू करण्यापूर्वी लहान नमुना विणून टाके मोजणे हा वेळ वाया घालविण्याचा प्रकार नव्हे. १० सेंटिमीटर रुंदीत २० टाके बसत असतील, तर ३५ सेंटिमीटर रुंदीच्या पाठीस ७० टाके लागतात. हात सैल असून त्याच रुंदीत १८ टाकेच बसत असतील, तर ७० टाक्यांची पाठ जवळजवळ ३९ सेंटिमीटर होते. चार सेंटिमीटरचा हा फरक अर्धा स्वेटर झाल्यावर लक्षात आला, तर कित्येक संध्याकाळचे श्रम उसवावे लागतात.

मुलांच्या स्वेटरसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणली असेल, तर पुढील हिवाळ्यात केवळ मनगटाची पट्टी उसवून लांबी वाढविता येते. मनगटाकडून वर विणलेली बाही त्या टोकाने सहज उसवत नाही. आरंभीच केलेल्या या योजनेमुळे एका वस्त्राचे आयुष्य एका हिवाळ्याने वाढू शकते.

बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा अनेकदा कृत्रिम असतो. शिक्षकांनी वर्गात काळजीपूर्वक करून दाखविण्याजोगा एक साधा प्रयोग आहे. चिमट्यात धरलेला धाग्याचा लहान तुकडा पेटविला असता खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांनी चुरडता येते. कृत्रिम धागा वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. खरी लोकर गरम पाण्यात चोळून धुतली तर ती आटते व घट्ट होते. म्हणून धागा ओळखला की त्याची निगाही ठरते.

शासनाने शिकविलेली डागडुजी

घरातील डागडुजी हा केवळ घरापुरता विषय आहे, असा समज असतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचा अनुभव याविषयी उद्बोधक आहे. कारखाने, मजूर आणि जहाजे युद्धकार्यासाठी मोकळी ठेवण्याकरिता तेथील शासनाने १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आणले आणि प्रारंभी प्रत्येक प्रौढ व्यक्तीस वर्षाकाठी ६६ कुपने दिली. केवळ निर्बंध घालून भागणार नव्हते. आहे ते कपडे टिकविण्याचे ज्ञानही लोकांना द्यावे लागले. १९४३ मध्ये तेथील व्यापार मंडळाने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. ठिगळ लावणे, रफू करणे, मोठ्यांच्या कपड्यांतून मुलांचे कपडे बेतणे, जुनी लोकर उसवून पुन्हा वापरणे अशा गोष्टी नागरिकांना शिकविण्यात आल्या आणि त्यासाठी वर्गही चालविले गेले. हे नियंत्रण मार्च १९४९ मध्ये उठले. काटकसर करा, एवढे सांगणे पुरेसे नसते. ती कशी करावी हे शिकवावे लागते, हा या प्रसंगाचा बोध होय.

घरातील अवजारपेटी

कौशल्याइतकेच महत्त्व हत्यारांस आहे. सर्वसाधारण कुटुंबास फार मोठ्या संचाची गरज नसते. शिवणाच्या डब्यात निरनिराळ्या जाडीच्या सुया, दाभण, अंगुस्तान, मोजण्याची फीत, कापडासाठी स्वतंत्र कात्री आणि सुटलेला टाका उचलण्यासाठी क्रोशाची सुई असावी. अवजारपेटीत हातोडी, पक्कड, पाना, दोन आकारांचे स्क्रू ड्रायव्हर, कानस, लहान करवत आणि नळाचे काही वायसर एवढे असले तरी नित्याच्या पुष्कळ दुरुस्त्या घरीच होतात.

हत्यार टिकते ते निगेमुळे. कापडाच्या कात्रीने कागद कापल्यास तिची धार जाते. ओलसर हत्यार पुसून तेलाचा हात न दिल्यास ते गंजते. शिलाई यंत्राच्या बॉबिनभोवती साचणारे कापडाचे बारीक तंतू वेळोवेळी काढून नेमक्या जागी तेलाचा थेंब दिला, तर यंत्र हलके चालते. वाकडी किंवा बोथट सुई वेळीच न बदलल्यास टाके सुटतात आणि दोष यंत्राचा आहे असे वाटू लागते. विजेच्या कामात मात्र काटकसरीचा मोह धरू नये. मुख्य बटण बंद केल्याशिवाय कोणत्याही जोडणीस हात लावू नये आणि वायरिंगचे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करवून घ्यावे.

एका लहान दुरुस्तीचे मोल मोजून पाहण्यासारखे आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली २५० मिलिलिटरचा पेला एका तासात भरत असेल, तर दिवसास ६ लिटर आणि वर्षास २,१९० लिटर पाणी वाया जाते. ते थांबविण्यास एक वायसर, एक पाना आणि थोडा वेळ पुरतो. पाणीटंचाईच्या गावात या हिशेबाचे महत्त्व पैशापलीकडे जाते.

वेळेचाही हिशेब

घरी केलेली प्रत्येक वस्तू स्वस्तच पडते, असे मात्र नाही. उदाहरणादाखल, लोकरीस ४०० रुपये लागतात, तसाच तयार स्वेटर ५०० रुपयांस मिळतो आणि विणण्यास ४० तास लागतात, असे मानू. येथे १०० रुपये वाचले, म्हणजे तासास अडीच रुपये. याउलट आखूड झालेल्या स्वेटरच्या बाह्या ५० रुपयांच्या लोकरीने ६ तासांत वाढविल्या आणि ५०० रुपयांची नवी खरेदी टळली, तर ४५० रुपये वाचले, म्हणजे तासास ७५ रुपये. यावरून खरा लाभ नव्या वस्तूपेक्षा जुनीचे आयुष्य वाढविण्यात अधिक आहे, हे दिसते. आवडीने विणलेल्या स्वेटरचे मोल अर्थातच वेगळे. पण ते बचतीच्या खात्यात लिहू नये.

हा वेळ कोणाचा, हा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या पहिल्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांत दिवसास सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. काटकसरीचा संपूर्ण भार घरातील एकाच व्यक्तीच्या हातांवर आणि डोळ्यांवर टाकून साधलेली बचत ही बचत नसून तिच्यावर लादलेली वर्गणी ठरते. सुई मुलाच्या हाती आणि पाना मुलीच्या हाती देण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

वाचलेला रुपया

टळलेला खर्च वेगळा काढून ठेवला नाही तर तो दुसऱ्या खर्चात विरून जातो. म्हणून घरखर्चाच्या वहीत ‘टळलेला खर्च’ असे एक सदर ठेवून ती रक्कम महिनाअखेरीस जमा करावी. दिवसास १० रुपये वाचले तरी महिन्यास ३०० रुपये होतात. डाकघराच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेव खात्यात किमान १०० रुपयांचा मासिक हप्ता चालतो. त्यात दरमहा ३०० रुपये भरल्यास ६० हप्त्यांत १८,००० रुपये मुद्दल जमा होते व त्यावर व्याज मिळते. ज्या व्यक्तीच्या श्रमाने हा पैसा वाचला तिच्या नावावर, किंवा निदान संयुक्त नावावर, हे खाते असणे न्याय्य होय.

सामूहिक बचतीचा मार्गही आता परिचयाचा झाला आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी झाली. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री आहे. या पाचही गोष्टी घरातील वहीलाही लागू पडतात.

शाळा आणि ग्रामपंचायत

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांना बरेच काही करता येईल. कार्यानुभवाच्या तासास मुलामुलींना बटण लावणे, रफू करणे, टाके मोजून नमुना विणणे आणि नळाचा वायसर बदलणे शिकवावे. त्याच तासाचा हिशेब गणिताच्या वहीत उतरवावा. गावातील गोधडी शिवणाऱ्या वृद्ध स्त्रियांना आणि सुतार-लोहारांना शाळेत पाहुणे शिक्षक म्हणून निमंत्रित करावे.

जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांमार्फत शिलाई यंत्रे देण्याच्या योजना ठिकठिकाणी राबविण्यात आल्या आहेत. यंत्रासोबत त्याची निगा शिकविली गेली नाही, तर ते लवकरच कोपऱ्यात पडते. वाटपानंतर वर्षभराने किती यंत्रे चालू आहेत, याची पाहणी ग्रामपंचायतीने अवश्य करावी. प्रत्येक घराने न घेता येणारी महाग हत्यारे बचत गटाकडे सामाईक ठेवून नोंदवहीवर देता-घेता येतील. नेणाऱ्याची सही, परत करण्याची तारीख आणि हत्याराची स्थिती, एवढ्या तीन नोंदी त्यासाठी पुरेशा आहेत.

कोणतीही बचत योजना अखेर घराघरांतून वाचलेल्या पैशावरच उभी राहते. तो पैसा वाचविणारे हात शिकलेले असावेत, त्यांच्याजवळ धार असलेले हत्यार असावे, आणि त्यांच्या श्रमाची नोंद त्यांच्याच नावे व्हावी. गावपातळीवर एवढे साधले, तरी काटकसरीस केवळ नाइलाजाचे रूप न राहता ती कुटुंबाची एक मिळकत ठरेल.