क्लासची फी भरण्याआधी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, 'ताई, साईट सोडते आणि पुण्याला येऊन बिमचा, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगचा, क्लास लावते.' मावशी शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसतं हं-हं केलं. आता मोकळेपणी सांगते. शीक, जरूर शीक. पण साईट इतक्यात सोडू नकोस.

क्लासमध्ये काय शिकवतात ते मला माहीत आहे. भिंत काढा, दार बसवा, जिना चढवा, शेवटी रंगीत चित्र काढून भिंतीला लावा. ही बटणं तू अकोल्यात बसून, संध्याकाळी घरच्या घरी शिकशील. खरी गोष्ट त्यापुढे आहे. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन रेषा. बिममध्ये त्या भिंतीला जाडी असते, वीट कुठली, प्लास्टर किती, कुठल्या मजल्यावर, कधी बांधायची, दर काय, हे सगळं तिलाच चिकटवता येतं. प्लॅनमध्ये खिडकी सरकवलीस की सेक्शन, एलिव्हेशन आणि खिडक्यांचा तक्ता आपोआप बदलतो. एरवी चार ड्रॉइंगपैकी एक बदलायचं राहून जातं आणि साईटवर सेंट्रिंगवाला तुझ्याशी भांडतो. ते भांडण तू ऐकलेलं आहेस, म्हणून तुला या बदलाची किंमत कळेल.

तुझ्याच कामातलं एक उदाहरण घे. १.२ मीटर बाय १.२ मीटरची खिडकी, म्हणजे १.४४ चौरस मीटर. मॉडेल भिंतीच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर तेवढं सरळ कापून टाकतं. पण आपलं आयएस १२००, म्हणजे बांधकाम मोजायचं भारतीय मानक, वेगळं सांगतं. उघडा भाग अर्ध्या चौरस मीटरहून मोठा आणि तीनपर्यंत असेल, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर वजावट एकाच बाजूची. दुसरी बाजू सोडून द्यायची, कारण खिडकीच्या आतल्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजत नाहीत. अशा वीस खिडक्या धर, २८.८ चौरस मीटरचा फरक! कंत्राटदार बिल घेऊन उभा राहिला की तू एमबी (मोजमापाची वही) उघडशील आणि तुला लगेच समजेल. नुसती बटणं शिकलेला मुलगा स्क्रीनकडे बोट दाखवत बसेल. सॉफ्टवेअरला मोजमापाचा रिवाज माहीत नसतो, तो सांगणारं माणूस लागतं.

क्लॅशचंही तसंच. सगळ्यांची मॉडेलं एकत्र केली की एसीचा डक्ट बीममधून जातोय, प्लंबरचा पाइप केबल ट्रेवर आदळतोय, हे कॉम्प्युटर दाखवतो. मोठ्या इमारतीत अशी हजारोंनी यादी निघते. त्यातलं बरंचसं किरकोळ असतं, पाइप हातभर सरकवला की मिटतं. पण बीमला भोक पाडायचं की डक्ट खाली घ्यायचा, आणि खाली घेतला तर फॉल्स सीलिंगची उंची पुरेल का, हा निर्णय कोण घेणार? ज्यानं स्लॅब भरल्यावर कोअर कटिंगचा आवाज ऐकलाय त्यानंच घ्यावा.

हे नुसतं परदेशी फॅड नाही हं. नागपूर मेट्रोनं ५डी बिम वापरलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला, आणि २०१९ मध्ये गाडी धावू लागली. ब्रिटनच्या सरकारनं आपल्या कामांना बिम २०१६ पासून सक्तीचं केलं, त्यामुळे पुण्यात बसून तिकडच्या इमारती मॉडेल करणारी ऑफिसं आहेत. या ऑफिसांत एक धोका आहे, तो तुला दुसरं कोणी सांगणार नाही. काही जण वर्षानुवर्षं फक्त सळया काढतात, किंवा फक्त डक्ट. साईट कधी पाहिलेली नसते. पुढे कोऑर्डिनेटर व्हायची वेळ आली की त्यांना घाम फुटतो. तू उलट्या वाटेनं जा. एखाद-दोन वर्षं अजून साईटवर काढ. कोणी 'मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा' म्हणालं तरी.

आता पैशाचं. लॅपटॉप विंडोजचाच घे, बिमचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर दुसऱ्यावर सरळ चालत नाही, आणि रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. विद्यार्थ्यांना रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनी फुकट परवाना देते, पण तो शिकण्यापुरता, त्यावर पैसे घेऊन काम करायचं नाही. तुझा डिप्लोमा संपलाय, तेव्हा चाचणीची मुदत वापर, नाहीतर फ्रीकॅड घे, ते कायमच मोफत आहे. क्लासवाला पेनड्राइव्हवर क्रॅक देईल, घेऊ नकोस. आणि नोकरीची हमी देणाऱ्याला एवढंच विचार: आयएफसी फाइल, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना चालणारी मॉडेलची फाइल, काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला शिकवता का? जो उत्तर देताना लांबण लावेल, त्याच्याकडे फी भरू नकोस.

मावशीनं वरच्या मजल्याचं काम काढलंय ना, तेच पहिलं मॉडेल कर. वर उतरतं छप्पर घालायचं असेल, तर ते बसवताना तुझी खरी परीक्षा होईल. स्लॅब दहा मीटर बाय आठ मीटर, १२५ मिलीमीटर जाड धरला, तर १० घनमीटर काँक्रीट. त्यातून जिन्याची जागा वजा झाली का, बीम आणि स्लॅबचा सामाईक भाग दोनदा तर मोजला नाही ना, ते तपास. स्लॅबची तारीख ठरली की मला कळव. त्याआधी तुझा आकडा पाठव, मग मिस्त्रीनं मागवलेल्या सिमेंटच्या गोण्यांशी दोघी मिळून ताडून बघू.